वेलांट्या राहिल्या आहेत

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिचं म्हणणं असं, की तुमची कुरकुर ऐकून माझे कान किटले, आता वहीला सांगा. म्हणून ही वही. वही उलट उत्तर देत नाही, हा तिचा पहिला गुण.

आज पाळकसाहेब दुकानात आले होते. वय आमच्या मुलाएवढं, दाढीसुद्धा धड वाढत नाही, पण बोलणं असं गोड की माणूस नकळत खुर्ची पुढे करतो. चर्चची दुरुस्ती संपत आली आहे. प्रभुभोजनाच्या टेबलामागची मोठी भिंत पांढरी करून झाली, तिच्यावर प्रभूची प्रार्थना लिहायची. अक्षरं शेवटच्या बाकावरून वाचता आली पाहिजेत. नऊ मार्चच्या रविवारी तिथे पहिली उपासना. मी हो म्हटलं. अशा भिंतीला नाही म्हणणारा पेंटर अजून जन्माला यायचा आहे.

उठता उठता ते म्हणाले, "दोघांनी मिळून लिहिलीत तर फार बरं होईल."

"दोघं म्हणजे कोण?"

"तुम्ही आणि तुमचे भाऊ."

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. "मला भाऊ नाही," म्हटलं.

"मग शेवटच्या बाकावर बसतात ते कोण?" असं विचारून ते उत्तराला न थांबता निघून गेले. हल्लीच्या पाळकांना कुणी शिकवत नाही वाटतं, की मोठ्या माणसाला प्रश्न विचारला तर उत्तर ऐकून जावं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कालचं पान वाचलं. भाऊ नाही, हे खोटं लिहिलं. भाऊ आहे. त्याच्या असण्याला माझी हरकत नाही, समोर नसला म्हणजे झालं.

ज्या उस्तादांच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो, त्यांनी आम्हाला नावं ठेवली होती. मला दंड, धाकट्याला वेलांटी. मला सरळ रेघ येते, पट्टी न लावता. शिरोरेषा, अक्षराचा उभा दंड, काना, मात्रा, सगळं ओळंब्यात. धाकट्याला सरळ रेघ जन्मात आली नाही, पण वेलांटी अशी काढायचा की वाटावं अक्षराने मान वळवून आपल्याकडे बघितलं. त्यामुळे बोर्ड कुठलाही असो, पुढे मी, मागे तो. मी अक्षरं उभी करत जायचो, वेलांट्यांच्या जागा मोकळ्या ठेवायचो, तो येऊन भरायचा. बोलावं लागत नसे. गावभर पाट्या लागल्या आमच्या हातच्या.

मग तो प्यायला लागला. आणि मग तो दिवस. उंच भिंतीवर लिहायचं असलं की आम्ही झुला सोडायचो, म्हणजे गच्चीवरून दोन दोर आणि खाली फळी, फळीवर बसून लिहायचं. एका दोराची गाठ माझी, दुसऱ्याची त्याची. त्या सकाळी तो आला तेव्हा तोंडाला वास मारत होता. गिऱ्हाईक खाली उभं, बोर्ड दुपारपर्यंत पुरा व्हायला हवा. मी त्याला म्हटलं, तोंड धू आणि कामाला लाग. त्याने गाठ मारली. फळीवर माझा मुलगा बसला होता. माझी गाठ राहिली, त्याची सुटली.

मुलगा वाचला. उजवा पाय कायमचा आखडला, शिडी चढता येत नाही. दवाखान्याच्या जिन्यात धाकटा गुडघ्यात डोकं घालून बसला होता, तेव्हा मी त्याला म्हणालो, तू मला मेलास. तो शब्द मी अजून मोडलेला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्तीमुळे उपासना सध्या शाळेच्या हॉलमध्ये. धाकटा शेवटच्या बाकावर. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस पुढे येण्याआधी उठून गेला. नेहमी जातो. लोक म्हणतात त्या दिवसापासून त्याने थेंब घेतलेला नाही. करून करून भागला आणि देवपूजेला लागला.

प्रार्थनेत ती एक ओळ येते, आम्ही क्षमा केली आहे अशी, तेव्हा मी ओठ मिटून घेतो. जे केलेलं नाही ते केलं आहे असं देवाला तोंड वर करून कशाला सांगायचं? खोटं आपण गिऱ्हाइकाशीही बोलत नाही. कुणाच्या लक्षात येत नाही, सगळे डोळे मिटून असतात.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला खिडकीपाशी गाठलं. "ते टेबलापाशी का येत नाहीत ते मी त्यांना विचारलं," म्हणाले. "तर म्हणतात, दादाने ये म्हटल्याशिवाय यायचं नाही. मी सांगितलं, देवाने कधीच ये म्हटलं आहे. तर म्हणतात, देवाचं बरोबर आहे, पण दादाचं राहिलं आहे."

म्हणजे सगळं पुन्हा माझ्याच गळ्यात. अपराध त्याचा आणि शेवटच्या बाकाचा हिशेब मी द्यायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन गोष्टी विचित्र.

एक, मुलगा टेबलावर बसून गाड्यांच्या नंबरप्लेट आणि दारांवरच्या पाट्या करतो, त्याच्या अक्षराला अलीकडे वळण आलं आहे. आज एका दवाखान्याच्या पाटीवरची 'वेळ' आणि खालची 'सुट्टी' बघितली. त्या सुट्टीची दुसरी वेलांटी बघून हातातला चहा निवला. मी म्हटलं, "हे तुला कुणी शिकवलं?" तर म्हणतो, "करता करता येतं, बाबा." माझ्याकडून तर आलेलं नाही. माझी वेलांटी म्हणजे मोडक्या छत्रीची दांडी.

दोन, घरात माणसं तीन आणि ही स्वयंपाक करते चौघांचा. विचारलं तर म्हणते, तुमचा मुलगा वाढीचा आहे. अगं, तो तिशीला आला, आता आडवा वाढेल. माझा करडा स्वेटरही सापडत नाही. म्हणते, वाळवीने खाल्ला असेल. स्वेटरला वाळवी लागते हे मी प्रथमच ऐकलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भिंतीला हात घातला. पाळकसाहेबांनी बांधकामवाल्यांची परांची ठेवून घेतली आहे, तिच्या बांबूंची प्रत्येक दोरी मी स्वतः ओढून बघितली. खडूची दोरी ताणून ओळी पाडल्या. दोरी टण्णकन सोडली की भिंतीवर निळी रेघ उमटते, सरळ, कुणाची भीडमुर्वत न ठेवणारी. मला हा भाग सगळ्यात आवडतो. नंतर माणसाचा हात लागतो आणि बिघडायला सुरुवात होते.

कोरी भिंत, चर्चमध्ये कुणी नाही, मन शांत व्हायला हवं होतं. झालं नाही. परांचीवर उभा राहिलो की खाली बघायला होतं, आणि खाली बघितलं की तेच दिसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी हिच्याशी वाजलं. म्हणाली, "भाऊजी खोलीत एकटे असतात, एक दिवस बोलवा की जेवायला." मी म्हटलं, त्याचं नाव या घरात काढायचं नाही. ती म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा." मी म्हटलं, "पीळ असतो म्हणून तर दोर टिकतो. त्याच्या दोराला पीळ असता तर आज मुलगा सरळ चालला असता." ती हातातलं भांडं खाली ठेवून आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. "जशास तसे," मी तिच्या पाठीवर ओरडलो, "मला एवढंच कळतं." मग दिवसभर तेच दोन शब्द तोंडात घोळत राहिले. गाण्याची ओळ घोळते तसे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायलाही लाज वाटते. पण वहीशिवाय सांगू कुणाला.

माझी रीत अशी, की आधी समासाकडचे शब्द लिहायचे. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द, लाल रंगात, वरपासून खालपर्यंत एका दमात. म्हणजे समास हलत नाही. उरलेली ओळ मग काळ्या रंगात. क्षमेची ओळ लांब म्हणून मी ती दोन ओळींत तोडली आहे. वरची सुरू होते 'जसे' या शब्दाने, जसे आम्ही क्षमा केली. खालची 'तसे' या शब्दाने, तसे तू आम्हाला कर.

दुपारी मुलगा जेवणाचा डबा घेऊन आला. पाय ओढत पहिल्या बाकावर बसला आणि मान वर करून लाल शब्द एकाखाली एक वाचायला लागला. मध्येच थांबला आणि हसला. असा हसला की परांची हलते की काय असं मला वाटलं.

"बाबा, खाली उतरून बघा काय लिहिलंय."

उतरलो. वरच्या ओळीला 'जशास'. खालच्या ओळीला 'तसे'. वीतभर उंचीची लाल अक्षरं, ओळंब्यात उभी, टेबलाच्या बरोबर मागे. जशास तसे. उभ्या आयुष्यात पाटीवर एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही माझा, आणि चुकला तो इथे.

मी पत्री घेऊन खरवडायला निघालो तर म्हणाला, "थांबा हो, जरा वाचू द्या. चुकीचं तरी काय आहे? आपण दर रविवारी हेच तर मागतो. आम्ही जसं केलं तसं तू आमचं कर. देवाने उद्या खरंच जशास तसं करायचं मनावर घेतलं, तर आपली धडगत नाही."

"आपली म्हणजे कुणाची?"

"जे मागतात त्यांची. तुम्ही कशाला काळजी करता? तुम्ही ती ओळ म्हणतच नाही."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. डोळे मिटायच्या वेळी हा डोळे उघडे ठेवतो.

रंग ओला होता, पुसून काढला, तरी पांढऱ्यावर गुलाबी डाग राहिला. दोन हात पांढरा मारावा लागणार. घरी येऊन जेवलो नाही. इतके दिवस मला वाटायचं, ती ओळ न म्हणून मी प्रामाणिकपणा करतो आहे. आज त्या लाल अक्षरांखाली उभं राहून भीती वाटली. न म्हटल्याने ती ओळ मला लागू होत नाही असं थोडंच आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मुलाने आज सांगितलं. धाकट्याला दुसऱ्या शहरात बोर्डाच्या कारखान्यात काम मिळालं आहे. अक्षरं काढायचं नाही, अक्षरं कापायच्या मशिनीवर. दहा मार्चच्या गाडीने जाणार.

"जाऊ दे," मी म्हटलं.

"मीही जातोय, बाबा. तिथे मला बसून करायचं काम आहे."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "माझ्यापाशी काय कमी पडलं तुला?"

"कमी काही नाही. जास्तच आहे. तुम्हाला प्रत्येकाची चूक पाठ आहे. आईची, पाळकांची, समोरच्या न्हाव्याची. काकांची तर रोज उजळणी असते. मी समोरून चालत गेलो की तुम्ही माझ्याकडे बघत नाही, पायाकडे बघता, आणि तुमचं तोंड कडू होतं. मला माझा पाय विसरायचाय, बाबा. या घरात विसरता येत नाही."

"तो पाय ज्याने मोडला त्याच्याबरोबर जाऊन विसरणार?"

"हो. त्यांच्यापाशी मी विसरतो. ते माझ्या हाताकडे बघतात."

मग उंबऱ्यातून वळून म्हणाला, "काकांना जायचं नाही. नऊ तारखेला तुम्ही त्यांना टेबलापाशी ये म्हणालात तर ते राहतील. ते राहिले तर मीही राहीन. पण माझ्यासाठी म्हणून म्हणू नका, त्यांना लगेच कळेल."

म्हणजे दोन्ही बाजूंनी दार बंद. मुलगा जाईल या भीतीने माफ केलं तर ते माफ करणं नव्हे. आणि नाही केलं तर मुलगा गेला. हिला सांगितलं तर डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मला माहीत होतं." या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, कळतं फक्त मला शेवटी.

३ मार्च, सोमवार

अक्षरं उभी झाली. राहिल्या आहेत त्या वेलांट्या. सवयीने मी त्यांच्या जागा मोकळ्या सोडत गेलो, आणि आज भरायला ब्रश उचलला. दोन काढल्या, दोन पुसल्या. वेलांट्यांवाचून ती प्रार्थना वाचवत नाही. 'रोजची भाकरी'ची झाली आहे 'रोजच भाकर', एक वेळ चालून जाईल. पण 'आम्ही'चं 'आम्ह' झालं आहे. जसे आम्ह. बोलता बोलता कुणी तोंड दाबावं तसं वाटतं.

पाळकसाहेब आले, खाली उभे राहून बघत होते. मी वरूनच विचारलं, "माफ करायचं म्हणजे काय करायचं हो? मुलाचा पाय सरळ होणार आहे का?"

"नाही."

"मग झालं नाही असं समजायचं?"

"नाही. झालं ते झालंच." ते बाकावर टेकले. मग म्हणाले, "खरं सांगू? पूर्ण मलाही कळलेलं नाही. मला इतकंच वाटतं की न्यायाची खुर्ची आपल्या मापाची नाही. आपल्याला सगळं ठाऊक नसतं."

"मला सगळं ठाऊक आहे. मी तिथेच होतो."

"हो," ते म्हणाले, "तुम्ही तिथेच होता." आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पाठ फिरवून कामाला लागलो. लोकांना त्यांच्याच डोळ्यातलं कुसळ दाखवायला या माणसाला पगार मिळतो, आणि हा नुसता बघतो.

६ मार्च, गुरुवार

मुलाची बॅग भरायला सुरुवात झाली आहे. ब्रश त्याने जुन्या कापडात गुंडाळले, मी शिकवलं होतं तसे, केस वर करून.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "तू काकाला कधी माफ केलंस?"

"दवाखान्यात. ते जिन्यात बसले होते, तुम्ही त्यांना तसं बोललात, ते मी खाटेवरून ऐकलं. तेव्हाच."

"इतक्या लवकर?"

"इतक्या लवकर कुठे. रोज करावं लागतं. थंडीत पाय दुखला की परत पहिल्यापासून." मग ब्रशला सुतळी बांधता बांधता म्हणाला, "तुम्हालाही तेव्हाच केलं."

"मला? मला कशासाठी?"

त्याने दुसरा ब्रश उचलला. मी पुन्हा विचारलं.

"त्या सकाळी तुम्ही काकांना काय म्हणालात, ते मी फळीवर बसायला निघालो होतो तेव्हा ऐकलं होतं. जाऊ द्या, बाबा. झालं ते."

मी तिथून उठलो. मी काय म्हणालो होतो? कामाला लाग म्हणालो होतो. खाली गिऱ्हाईक उभं होतं. दुकानाचा मालक दुसरं काय म्हणणार? उलट्या बोंबा याला म्हणतात. पोटच्या मुलाने बापाला माफ करायचं, आणि तेही बापाला न विचारता. दुपारभर राग धुमसत राहिला. पाटीला हात लावला तर ओघळ आले. मी त्याला काय म्हणालो होतो हे मी पन्नास वेळा आठवून बघितलं, प्रत्येक वेळी तेच आठवतं, तोंड धू आणि कामाला लाग. त्यात काय आहे?

८ मार्च, शनिवार

न राहवून आज धाकट्याच्या खोलीकडे गेलो. म्हटलं, काम काढून बोलावं. वेलांट्या राहिल्या आहेत, येऊन भर, म्हणावं. काम झालं की बाकीचं आपोआप होईल, आमचं सगळं असंच झालेलं आहे.

लाँड्रीच्या मागे एक जिना, वर एक खोली. दार उघडंच होतं. तो पाठमोरा बसला होता. अंगात माझा करडा स्वेटर. शेजारी आमच्या घरचा डबा, तिसऱ्या पुडाचा काठ चेपलेला, तो. समोर भिंतीला जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि त्यांच्यावर वेलांट्या. नुसत्या वेलांट्या, ओळीने, काही त्याच्या हातच्या, काही मुलाच्या. शेवटच्या ओळीत कुठली कुणाची ते मलाही ओळखता येईना.

म्हणजे घरचे सगळे फितूर. हीसुद्धा. मला संताप यायला हवा होता. आला नाही. मला वाईट वाटलं. एवढं सगळं चाललं होतं आणि त्यात मी कुठेच नव्हतो.

हाक मारली नाही. मारता आली नाही. तोंडात 'वेलांट्या राहिल्या आहेत' एवढंच होतं, आणि त्या खोलीत ते फार अपुरं वाटलं. जिना उतरून आलो. पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, भिंत अर्धवट आहे, उद्या तशीच उघडा. मला वाटलं ते चिडतील, ओरडतील. म्हणाले, "बरं." मी घरी आलो. घरी येऊन 'माफ केलं, माफ केलं' असं घोकलं. दोन शब्द. लहान मूलसुद्धा म्हणेल.

९ मार्च, रविवार

चर्च भरलं होतं. भिंतीवरचा पडदा काढला, लोक वर बघायला लागले. कुजबुज झाली. एक म्हातारी बाई मोठ्याने म्हणाली, "आम्ह म्हणजे काय?" शेजारचीने तिला गप्प केलं. मी मान वर केली नाही.

मुलगा माझ्या शेजारी नव्हता. तो शेवटच्या बाकावर, काकाशेजारी. हीसुद्धा आज माझ्या मागच्या बाकावर बसली होती, चप्पल चावते म्हणून. पहिल्या बाकावर मी एकटा, न्यायाधीश बसतो तसा.

प्रार्थना भिंतीवरून वाचली. ती ओळ आली, मी ओठ मिटले. सवय. पुढे पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली, आणि मागे बाक करकरल्याचा आवाज आला. तो आवाज मी गेली कितीतरी वर्षं ऐकतो आहे. धाकटा उठला होता.

मी कधी उठलो ते मला ठाऊक नाही. सगळ्या बाकांमधून चालत गेलो, लोक बघत होते, माझ्या चपला वाजत होत्या. धाकटा दारापर्यंत पोचला होता. मी म्हटलं, "बस."

तो होता तिथेच, दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसला. त्याला उठवून टेबलापाशी न्यायचं असं मी ठरवलं होतं. पण मीच त्याच्या शेजारी बसलो. त्याचे केस पांढरे झाले आहेत. इतक्या जवळून मी त्याला बघितलंच नव्हतं. सकाळी त्याच्याजवळ गेलं की यायचा तो वास नव्हता, साबणाचा वास होता. आणि त्या वासाबरोबर ती सकाळ सगळीच्या सगळी माझ्यापुढे उभी राहिली. मी किती जवळ उभा होतो त्याच्या. दारूचा वास किती स्पष्ट येत होता मला.

दोन शब्द तोंडात तयार होते. मी म्हणालो, "धाकट्या, माफ कर."

त्याने माझ्याकडे बघितलं. मुलानेही मान वळवली. मग धाकटा अगदी हळू आवाजात म्हणाला, "दादा, 'माफ केलं' म्हणायचंय का तुला?"

हो, तेच म्हणायचं होतं. कालपासून तेच घोकलं होतं. चूक झाली होती, त्याने ती दाखवून दिली होती, आता नीट म्हणायचं तेवढं राहिलं होतं. मी तोंड उघडलं आणि रडू फुटलं. एवढ्या मोठ्या माणसाचं, भर चर्चमध्ये. त्याने माझा हात धरला.

"केलं, दादा," तो म्हणाला. "तू पण कर."

"केलं," मी म्हटलं.

आम्ही दोघं काही पुढे गेलो नाही. पाळकसाहेबच ताट घेऊन शेवटपर्यंत चालत आले. आधी धाकट्याने भाकर घेतली, मग मुलाने, मग मी.

घरी येताना मुलगा माझ्याबरोबर चालत होता, मी त्याच्या पायाकडे बघितलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. बघितलं. पण मला जे नेहमी दिसायचं त्याच्याशिवाय आणखी काहीतरी दिसलं, आणि ते मला अजून सहन होत नाही. त्याला तसं सांगितलं नाही. सांगेन. उद्याच्या गाडीचं त्याने काही काढलं नाही, मीही विचारलं नाही.

ही आतून तिसऱ्यांदा हाक मारते आहे. ताटं मांडून झाली आहेत. धाकटा हात धुऊन बसला आहे, आणि म्हणतो, दादा आल्याशिवाय घास घेणार नाही. पुरे आता. जातो.